खोटं आणि खोटं-खोटं

गेल्या वर्षीची गोष्ट. वसुबारस दोन दिवसांवर आली होती. स्वयंपाकघरातून चकल्या तळल्याचा वास येत होता आणि मी माजघरातल्या झोपाळ्यावर बसून आकाशकंदिलाच्या कामट्यांना खळ लावीत होतो. आमची नात आठ वर्षांची. तिने पलीकडच्या खोलीत आपली मंडळी गोळा केली होती. मंडळी म्हणजे तिघे. एक ठकी, सावंतवाडीची, लाकडी, माझ्या आईच्या माहेराहून आलेली. तिच्या नाकावरचा रंग केव्हाच उडाला आहे. दुसरे एक कापडी अस्वल, शेजारच्या कन्नड कुटुंबाने नातीच्या पाचव्या वाढदिवसाला दिलेले. त्याचा एक डोळा म्हणजे माझ्या जुन्या सदऱ्याचे बटण. तिसरा मातीचा मावळा, आदल्या दिवाळीच्या किल्ल्यावरून उरलेला. ढाल शाबूत, पण तलवारीचा हात गेलेला.

या तिघांची सभा भरली होती आणि विषय होता, ‘आमच्या बाईंची दिवाळी’. बाई म्हणजे अर्थात आमची नात. बोलणारी तीच आणि ऐकणारीही तीच.

ठकी सांगत होती, “आमच्या बाईंना यंदा फार कामं बाई! पणत्या धुवायच्या, किल्ल्याची माती चाळायची, डोंगरावर अळीव पेरायचे. आम्हाला कोण विचारतं? आम्ही आपले फळीवर.” मावळा म्हणाला, “मला यंदा बुरुजावर उभं करणार आहेत. हात नाही म्हणून गेल्या वर्षी गुहेत बसवलं होतं.” अस्वल मध्येच विचारी, “ऊटा आत?” हे अस्वल नेहमी कन्नडच बोलते. तसे त्याला कोणी शिकवलेले नाही. ते ज्या घरातून आले त्या घरची भाषा ते बोलणार, यात आमच्या नातीला काहीच विशेष वाटत नाही. बेळगावच्या मुलांना तसे ते वाटतही नाही.

मी मनात हसत होतो. मग ठकीने आवाज खाली आणला.

“आमच्या घरी ना, मोडक्या चकल्या आजी खाते. अख्ख्या पाहुण्यांना. आजोबा म्हणतात, तिला मोडक्याच आवडतात.”

“हौदा?” अस्वल.

“आणि शिडी मागायला बाई जातात. आजोबा नाही जात. धाकटे आजोबा भिंतीपलीकडेच तर राहतात, पण दोघं बोलत नाहीत. आजोबा सांगतात, ‘म्हणावं, शिडी पाहिजे.’ मग तिकडचे आजोबा सांगतात, ‘म्हणावं, परत जागेवर ठेवा.’ बाईंना दोन्ही आवाज काढावे लागतात.”

माझ्या बोटावरची खळ वाळून गेली.

थोडा खुलासा केला पाहिजे. भिंतीपलीकडचा तो माझा सख्खा धाकटा भाऊ. वडिलांच्या घराची वाटणी झाली, परसात छातीएवढी भिंत आली, भांडी वाटून झाली, आणि शेवटी एका गोष्टीवरून, जी आता लिहायलाही मला लाज वाटते, आमचे बोलणे बंद झाले. त्याला सहा वर्षे झाली होती. शिडी मात्र एकच होती. ती वाटता येत नव्हती. ती त्याच्या बाजूच्या बोळात आडवी पडलेली असते आणि दर दिवाळीला आकाशकंदील टांगायला मला ती लागते. मला वाटत होते, ही व्यवस्था शहाणपणाची आहे. कोणी भांडत नाही, कोणाचा अपमान होत नाही, मूल धावत जाते नि निरोप पोचतो.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला. वाचकांनाही तो आपला वाटेल म्हणून येथे मांडतो. जो बोलू शकत नाही त्याच्या तोंडी शब्द घालण्याचा अधिकार कोणाला, आणि कोठवर?

पहिल्यांदा वाटते की बाहुलीला बोलायला लावणे हे मुळात असत्यच. लाकूड बोलत नाही. मूल ते बोलते असे म्हणते. मग आपण मुलाला सत्य बोलण्याचे धडे देतो ते कशासाठी? पण आपल्या भाषेने हा गुंता फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. मराठीत शब्द दोनदा म्हटला की सहसा त्याचा जोर वाढतो. गरम-गरम भात हा नुसत्या गरम भाताहून अधिक गरम. पण ‘खोटं’ हा शब्द मूल जेव्हा दोनदा म्हणते तेव्हा त्यातला सगळा दोष निघून जातो. ‘खोटं’ म्हणजे फसवणूक. ‘खोटं-खोटं’ म्हणजे खेळ. ‘खोटं-खोटं जेवूया’ म्हणताना कोणीही कोणाला फसवत नाही. भातुकलीतला लाडू बाहुलीच्या तोंडाला लावून मूल तो स्वतः खाते, यावरून त्याला खरे काय ते पक्के ठाऊक असते हे दिसतेच.

आपले पूर्वजही याबाबतीत गोंधळलेले नव्हते. पाणिनीच्या व्याकरणात प्रतिकृतीसाठी एक ‘क’ प्रत्यय स्वतंत्र सांगितलेला आहे. घोडा तो अश्व. घोड्याची प्रतिमा ती अश्वक. म्हणजे खऱ्याला आणि खऱ्यासारख्याला वेगळे नाव हवे, आणि तरीही दोन्ही नावे एकमेकांना चिकटून हवीत, हे व्याकरणानेही मान्य केले. पश्चिमेकडे डोनाल्ड विनिकॉट नावाचा बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होऊन गेला. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्याने लहान मुलाच्या लाडक्या गोधडीचा नि अस्वलाचा विचार केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, ही वस्तू तू मनाने निर्माण केलीस की तुला ती बाहेरून मिळाली, हा प्रश्न मुलाला विचारायचाच नसतो. घरातल्या मोठ्यांनी आणि मुलाने मिळून केलेला तो एक मूक करार आहे. आमच्या माजघरात त्या दिवशी जे चालले होते ते या कराराच्या आत चालले होते. तेव्हा मुलीने काही खोटे केले नाही. उलट, माझ्या घरात सहा वर्षांत जे कोणी बोलले नव्हते ते खरे तिने बोलून दाखवले होते.

मग दुसरा प्रश्न. ठकीने सांगितलेले मी ऐकले. आता मी काय करावे? मुलीला हाक मारून विचारावे का, ‘तू असे का म्हणालीस?’

येथे मला मृच्छकटिक आठवले. देवलांच्या संगीत मृच्छकटिकामुळे ते मराठी घरांना परके नाही. नाटकाचे नावच मुळी एका खेळण्यावरून पडले आहे. चारुदत्ताच्या लहान मुलाला, रोहसेनाला, शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी हवी असते. घरात दारिद्र्य, म्हणून दासीने त्याला मातीची गाडी करून दिलेली. तो रडतो. ते पाहून वसंतसेना आपले दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत घालते, की याची सोन्याची गाडी करून घे. ती मातीची गाडी चारुदत्ताच्या घरची सगळी हकिकत न बोलता सांगते. दारिद्र्य सांगते, मुलाचा हट्ट सांगते, एका परक्या बाईची माया सांगते. पण पुढे काय होते? तेच दागिने परत करायला निघालेला मैत्रेय न्यायसभेत भांडतो, ते त्याच्या काखेतून खाली पडतात, आणि चारुदत्तानेच वसंतसेनेचा खून केला याचा तो पुरावा ठरतो. मायेपोटी खेळण्यात घातलेली वस्तू न्यायालयात गेली आणि निरपराध माणसाला वधस्तंभाकडे घेऊन गेली.

शूद्रकाला काय सुचवायचे होते ते पंडितांनी सांगावे. मी त्यातून माझ्यापुरते एवढेच घेतले की, खेळातली वस्तू कचेरीत नेऊ नये. ठकी जे बोलली ते खेळाच्या अभयात बोलली. ते अभय मोडून मी मुलीची जबानी घेऊ लागलो असतो, तर तिने पुढे ठकीलाही गप्प बसवले असते. मुलाच्या खेळातून घरची माहिती काढणारी मोठी माणसे आपण पाहतो. ‘बाहुली काय म्हणाली ग, आई काय म्हणत होती?’ असे गोड आवाजात विचारतात. ही चोरी आहे. तिच्या बोलण्याला उत्तर द्यायचेच असेल तर ते शब्दांनी देऊन चालणार नव्हते.

आता तिसरा प्रश्न, आणि मला वाटते हाच खरा. आठ वर्षांची मुलगी लाकडाला आवाज देते आणि साठी उलटलेला मी आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडून बोलतो. दोघेही दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालतो. फरक काय?

कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजातले कलावंत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. त्यांतले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. या खेळात दोरी कोणाची नि आवाज कोणाचा हे प्रेक्षकाला माहीत असते. रावण गर्जला म्हणून कोणी लाकडाच्या रावणाला जाब विचारीत नाही. बोलण्याची सगळी जबाबदारी दोरी धरणाऱ्याची असते, आणि तो ती नाकारतही नाही. नातीच्या खेळातही तसेच होते. ठकी बोलली, पण ठकीला त्याचे ओझे झाले नाही. लाकडाला ओझे नसते.

मी मात्र दोरी धरून हात लपवला होता. ‘म्हणावं, शिडी पाहिजे.’ या ‘म्हणावं’ शब्दात सगळी चलाखी आहे. म्हणणारा मी, पण म्हणायचे तिने. शिडी मिळाली तर माझी सोय, नाही मिळाली तर नकार ऐकणार ती. भावाचा तुटक आवाज तिने ऐकायचा, माझा ताठा तिने पोचवायचा, आणि दोन्हीकडे निरागस चेहऱ्याने उभे राहायचे. आम्ही दोघे भाऊ कोरडे राहिलो आणि भिजली ती. सहा वर्षांत आमच्यापैकी एकालाही हे सुचले नाही की लाकडाची बाहुली दोन्ही आवाज काढून थकत नाही, मूल थकते.

कोणी म्हणेल, तुम्ही फार ताणता आहात. भांडलेल्या घरांना मुलांनीच तर जोडून ठेवलेले असते. मुले जा-ये करतात म्हणून दार उघडे राहते. हे म्हणणे खोटे नाही. आमच्या सौभाग्यवतींचेही मत तेच होते. “पोरगी जाते म्हणून निदान शिडी तरी येते,” त्या म्हणाल्या. मी यावर पुष्कळ विचार केला. मूल आपणहून जात असेल, धाकट्या आजीच्या हातची करंजी खायला, त्यांच्या अंगणातला किल्ला पाहायला, तर तो पूल आहे आणि तो मोडू नये. पण मोठ्यांनी त्याला निरोप्या केले की पुलाचे काम संपते आणि आडोशाचे सुरू होते. मूल जात राहते आणि मोठ्यांना जाण्याची गरजच उरत नाही. सहा वर्षे आमचे भांडण टिकले ते आम्ही फार रागीट होतो म्हणून नव्हे. मधल्या निरोपामुळे ते सोयीचे झाले होते म्हणून.

आणि एकदा हे ध्यानात आल्यावर मोडकी चकलीही दिसू लागली. ‘तिला मोडक्याच आवडतात’ हे मी चाळीस वर्षे म्हणत आलो. तिने तसे कधी म्हटले होते काय? आठवून पाहिले, आठवेना. ती गप्प राहिली आणि मी तिच्या गप्प राहण्याला माझ्या सोयीचे शब्द दिले. आपल्या घरांतून हे सर्रास चालते. ‘आईला काही नको असतं.’ ‘बाबांना आता गर्दी सोसत नाही.’ ‘मोलकरणीला शिळंच चालतं.’ ज्यांच्याविषयी हे बोलले जाते ते बहुधा दाराआडच उभे असतात.

सीमाभागातल्या वाचकाला तर हे वेगळे सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपल्या वतीने बोलणारे पुष्कळ झाले. इकडचे झाले, तिकडचे झाले. ‘तेथील लोकांना काय हवे’ हे ज्याने त्याने आपापल्या व्यासपीठावरून सांगितले. न बोललेले वाक्य आपल्या नावावर मांडले गेले की कसे वाटते हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून तरी निदान उंबऱ्याच्या आत आपण ते करू नये.

बाहुल्यांनी मालकाविषयी बोलण्याची आपल्याकडची सर्वांत जुनी नि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सिंहासन बत्तिशी. मराठीतल्या अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांत तिची गणना होते. १८१४ साली ती बंगालमध्ये सेरामपूरला मराठीत छापली गेली. भोजराजाला शेतातल्या उंचवट्याखाली पुरलेले विक्रमाचे सिंहासन सापडते. तो त्यावर बसू पाहतो आणि सिंहासनाच्या बत्तीस पुतळ्यांपैकी एकेक बोलू लागते. प्रत्येक पुतळी विक्रमाची एक गोष्ट सांगते आणि विचारते, असे औदार्य तुझ्या अंगी आहे काय? असेल तर बैस.

लहानपणी मला वाटे की या पुतळ्या विक्रमाची स्तुती करतात. आता वाटते, स्तुती हे निमित्त. विक्रम तर गेलेला. त्याला स्तुतीचा काय उपयोग? पुतळ्यांचे बोलणे सगळे भोजासाठी आहे. ज्या वस्तूंनी मालकाला रोज पाहिले, ज्यांच्यासमोर त्याने सोंग केले नाही, त्यांना वाचा फुटली तर त्या काय सांगतील? ही भीती नव्हे, ही परीक्षा आहे. आमची ठकी लाकडाचीच. माझ्या आईचे तिने सगळे पाहिले, माझे पाहिले, मुलाचे पाहिले, आता नातीचे पाहते आहे. बत्तीस नसतील, पण एकच पुतळी आणि तिचा एकच प्रश्न मला पुरला. सहा वर्षे मी वडिलांच्या झोपाळ्यावर बसत होतो. कोणत्या लायकीवर, हे कोणी विचारले नव्हते.

शेवटी मी स्वतःपुरता एक साधा निकष ठरवला. दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालावासा वाटला की विचारायचे, हे ऐकून चपापणार कोण? ठकी बोलली तेव्हा चपापलो मी, मोठा, बलवान, झोपाळ्यावरचा. जेथे मुक्याला दिलेला आवाज बलवानाला चपापायला लावतो तेथे तो खेळ असो की काव्य, त्याला असत्य म्हणू नये. आणि जेथे तो आवाज बलवानाची सोय करतो नि ओझे दुबळ्याच्या माथी टाकतो, तेथे शब्द कितीही सौम्य असोत, ‘म्हणावं’ इतके साधे असोत, ते खोटे. एकेरी खोटे.

नातीला मी काही विचारले नाही. ठकीची सभा संपली, मंडळी फळीवर गेली. संध्याकाळी चकल्यांचा डबा भरताना मी एक अख्खी चकली उचलून सौभाग्यवतींच्या हातावर ठेवली. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिले आणि विचारले, “का? मीठ कमी झालंय का?” इतक्या वर्षांची सवय एका चकलीने जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाशकंदील तयार झाला. नात सवयीने दारात उभी राहिली, निरोप न्यायला. मी चपला घातल्या. भिंतीला वळसा घालून त्याच्या अंगणात पोचायला चाळीस-पन्नास पावले पडतात. तेवढ्यात मी दोनदा परत फिरण्याचा विचार केला. तो किल्ल्यासाठी पोती भिजवीत होता. मी म्हणालो, “शिडी पाहिजे होती.”

त्याने मान वर केली नाही. बोळाकडे हात केला आणि म्हणाला, “घेऊन जा की.”

मी शिडी उचलली. वळलो तेव्हा मागून आवाज आला, “अण्णा, वरची पायरी हलतीया. जपून.”

एवढेच. मिठ्या पडल्या नाहीत, भिंत पडली नाही, वाटणीचा तो मुद्दा अजून जसाच्या तसा आहे. पण ‘अण्णा’ हा शब्द मी सहा वर्षांनी त्याच्या तोंडून ऐकला, मधल्या कोणाच्या नव्हे. कंदील लावून झाल्यावर शिडी परत जागेवर ठेवायला मीच गेलो. येताना ती हलणारी पायरी दोरीने घट्ट आवळून ठेवली.

पाडव्याच्या दुपारी पुन्हा फळीवरची मंडळी खाली उतरली होती. मावळा खरोखरच बुरुजावर गेला होता, त्यामुळे सभेला दोघेच. मी मुद्दाम कान दिला नाही, पण खोलीवरून जाताना अस्वलाचा प्रश्न ऐकू आला, “ऊटा आत?” आणि ठकी म्हणाली, “हो. आणि शिडी आणायला यंदा बाई गेल्या नाहीत. त्यांना सुट्टी होती.”